दऱ्या, दर्या आणि आजीचा काढा

दिवाळीच्या सुट्टीत चकलीचा डबा मांडीवर घेऊन चिरंजीवांनी जाहीर केलं, "बाबा, भूगोलाच्या नोट्स मी या वेळी टाईप करणार."

घरात दहावी होती. म्हणजे टीव्ही मुका, पाहुण्यांना 'मार्चनंतर या' असा निरोप, आणि कुकरच्या शिट्ट्यासुद्धा हिशेबाने. अशा घरात या वाक्याने काय झालं असेल ते ज्यांच्या घरी दहावी होऊन गेली आहे त्यांना सांगायला नको.

मी म्हणालो, "बोर्डाचा पेपर हाताने लिहायचा असतो. मराठीचा 80 गुणांचा पेपर, तीन तास. हाताला सवय नको?"

"मी भूगोलाचं बोलतोय. 40 गुण, दोन तास."

मग मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. 2014 साली म्युलर आणि ओपनहायमर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की लॅपटॉपवर नोट्स घेणारी मुलं ऐकलेलं जसंच्या तसं उतरवत जातात. हाताने लिहिणाऱ्याला तेवढा वेग नसतो, त्यामुळे त्याला निवडावं लागतं, आपल्या शब्दांत मांडावं लागतं, आणि समजून सांगायच्या प्रश्नांत तो सरस ठरतो. हे मी कुठेतरी वाचून खास दहावीसाठी जपून ठेवलं होतं. चिरंजीवांनी चकलीचा तुकडा मोडेपर्यंत फोनवर शोधून काढलं, की 2019 साली दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक काही तितका ठळक दिसला नाही. आमच्या लहानपणी वडिलांचं वाक्य खोडायला निदान वाचनालयापर्यंत चालत जावं लागायचं.

शेवटी पैज लागली. धडा एकच: 'प्राकृतिक रचना व जलप्रणाली'. हल्लीच्या दहावीच्या भूगोलात भारताची ब्राझीलशी सोयरीक जुळवलेली आहे, जवळजवळ प्रत्येक धड्यात दोघांची पत्रिका शेजारी शेजारी. त्याने टाईप करायचं, मी लिहायचं, आणि परीक्षा आजी घेणार.

मी दोनशे पानी वही आणली. निळं पेन, मथळ्यांना काळं, अधोरेखनाला हिरवं, पट्टी. पहिलं पान असं उतरलं की फ्रेम करून लावावं. (वहीचं पहिलं पान सगळ्यांचंच चांगलं असतं. माणसाची नियत तपासायची तर सातवं पान बघावं.) दुसऱ्या पानावर करंगळीखालचा तळवा निळा झाला. तिसऱ्यावर मनगट बोलू लागलं. शाळेत असताना माझ्या मधल्या बोटाला पेनाचा चांगला टणक घट्टा होता, तो कधी विरघळला ते कळलंच नाही. गेल्या कित्येक वर्षांत मी सलग लिहिलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे माझी सही, आणि तीही जुळत नाही म्हणून बँकेने दोनदा परत पाठवलेली. चौथ्या पानावर अक्षरांनी शिरोरेषा सोडली आणि ती वाटेल तिकडे चालू लागली.

पलीकडच्या खोलीत मात्र शांतता. दोन तासांनी डोकावलो तर चिरंजीव मथळ्याचा रंग निवडत होते. धडा पुढे सरकला तसा एक घोळ झाला. तो रोमन अक्षरांत टाईप करतो आणि फोन त्याचं मराठी करतो. 'दऱ्या' हवं होतं, फोनने दिलं 'दर्या'. त्यामुळे त्याच्या नोट्समध्ये हिमालयात खोल दर्या आहेत. कोळी बांधवांनी होड्या घेऊन थेट केदारनाथला जावं अशी परिस्थिती.

मराठीतला हा आडवा, मिशीसारखा र नीट उमटवायचा म्हणजे इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'जे', मग 'डी'वरचा हलन्त, मग य. आणि य कुठे, तर प्रश्नचिन्हाच्या कळीवर! पेनाने मी तोच र एका फटकाऱ्यात काढला. मला फार बरं वाटलं. पुढे दोन दिवस मी त्याला उगाचच 'सुऱ्या', 'पायऱ्या', 'आचाऱ्यांना' असे शब्द घालत होतो.

एका धड्याच्या त्याच्या नोट्स अकरा पानांच्या झाल्या. चिकटवणं सोपं असल्यावर कोण कशाला गाळतो? त्या छापायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो, तिथल्या संगणकाला हा फॉन्टच ठाऊक नव्हता. सगळ्या वेलांट्या जागा सोडून फिरायला गेल्या, हिमालयाचा 'हमिालय' झाला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "पीडीएफ करून आणायचं ना, दादा." मी विजयी मुद्रेने चिरंजीवांकडे पाहिलं. ही माझी शेवटची विजयी मुद्रा.

कारण रात्री त्याने माझी वही उघडली आणि विचारलं, "बाबा, ब्राझीलमध्ये आजीचा काढा कुठे असतो?"

"काय?"

"इथे लिहिलंय. 'किनाऱ्यालगत आजीचा काढा.'"

मी चष्मा लावला, वही दिव्याखाली धरली, तिरकी केली. ब्राझीलच्या उच्चभूमीच्या पूर्वेला अजस्र कडा आहे हे मला माहीत होतं. तरीही मला तिथे आजीचा काढाच दिसत होता.

माझ्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, दोघांची परीक्षा घेतली, दोघांनाही जेमतेम पास केलं आणि मग स्वतःचं सांगितलं. ती जिल्हा परिषदेत टायपिस्ट होती. मराठी थर्टी, मराठी फॉर्टी, दोन्ही पहिल्या फटक्यात पास. "टाईप करताना डोळ्यांतून शिरायचं ते थेट बोटांतून बाहेर," ती म्हणाली. "मध्ये डोकं लागतच नसे. अरे, माझ्याच बदलीचा आदेश मीच टाईप केलेला. तीन कार्बन कॉप्या काढून, एकही चूक न करता. कळलं कधी, तर दुसऱ्या दिवशी शिपाई पोच घ्यायला आला तेव्हा."

अमेरिकेतले दोन संशोधक जे सांगत होते ते माझ्या घरात, पानाला चुना लावत बसलेलं होतं.

मग मलाही आमच्या वर्गातला एकजण आठवला. एसटीच्या तिकिटाएवढ्या कागदावर तो अख्खा इतिहास मुंगीच्या अक्षरात उतरवायचा. अर्थात कॉपीसाठी. पण काय घ्यायचं, काय गाळायचं हे ठरवताना त्याला सगळं पाठच होऊन जाई. चिठ्ठी खिशातच राहायची. बिचाऱ्याने प्रामाणिकपणे पास होण्याचा गुन्हा वारंवार केला. ही गोष्ट मुलाला सांगावी की नाही यावर मी बराच विचार केला, आणि सांगितली नाही.

तह असा झाला: त्याने टाईप केलेलं एकेका पानात हाताने उतरवायचं, आणि मी त्याला वही दाखवायची नाही.

भूगोलाचा पेपर शेवटचा. 2020 साली करोनामुळे तो रद्दच झाला होता, हे चिरंजीवांना सनावळीसह पाठ होतं आणि आदल्या रात्रीपर्यंत ते आशेवर होते. पण पेपर झाला. मी शाळेच्या फाटकाबाहेर उभा होतो. तो बोटं झाडत बाहेर आला.

"कसा गेला?"

"चांगला. एका ठिकाणी थोडा वेळ गेला."

"कुठे?"

"'दऱ्या' लिहायचं होतं. 'दर' लिहून थांबलो. वाटलं, खाली पर्याय येतील."

"मग?"

"नाही आले. मग 'खोल भाग' लिहिलं."