मुदत आहे ती फक्त तक्रारदाराला

काल पुन्हा तेच पत्र आलं. "अपरिहार्य कारणास्तव सुनावणी पुढे ढकलण्यात येत आहे. पुढील तारीख यथावकाश कळविण्यात येईल." सुनावणी आज सकाळी अकराची होती आणि पत्र हातात पडलं काल दुपारी चार वाजता. मी रजा टाकलेली, आईला न्यायला गाडी सांगून ठेवलेली, कागदांचे तीन संच पिशवीत भरून दाराशी ठेवलेले. असं हे नववं पत्र. राज्य वैद्यकीय परिषदेकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, आईच्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार देऊन दोन वर्षं आठ महिने झाले. डोकं इतकं तापलंय की लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शुक्रवारी झालं. शनिवारी रात्री डोळा ठणकायला लागला. रविवारी सकाळी लालभडक, आणि समोरचं सगळं धुरकट. मी रविवारी ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उत्तर एकच: "ऑपरेशननंतर थोडं दुखतंच, पेनकिलर द्या, सोमवारी दाखवायला आणा." सोमवारी गेलो तर डॉक्टर बाहेरगावी. मंगळवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळा तपासला आणि पाच मिनिटांत रेटिनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होऊन पू झाला होता. इंजेक्शनं झाली, आणखी एक ऑपरेशन झालं. डोळा गेला.

जंतुसंसर्ग कोणाकडेही होऊ शकतो, चांगल्यातल्या चांगल्या सर्जनकडेही. माझी तक्रार त्याबद्दल नाहीच, आणि हे मी पहिल्या पानावर लिहिलंय. माझी तक्रार त्या दोन फोनबद्दल आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुखणं वाढत जातंय, डोळा लाल होतोय आणि नजर कमी होतेय, हे तिन्ही एकत्र ऐकलं की पेशंटला त्याच क्षणी बोलवायचं असतं. तिथे तासांचा हिशोब असतो. हे मला आज कळलंय, फोन घेणाऱ्याला तेव्हा कळायला हवं होतं. आई आता चहा ओतताना कपाबाहेर ओतते, कारण एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. मग स्वतःच फडकं घेऊन ओटा पुसते आणि कोणी पाहिलं का म्हणून मागे बघते.

कागद मागितले. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागणी केल्यापासून 72 तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या. आम्हाला मिळाल्या पाच आठवड्यांनी. चार दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एका बैठकीत उतरवल्यासारख्या. रविवारच्या फोनचा त्यात उल्लेखच नाही. माझ्या मोबाइलमध्ये दोन्ही कॉल आहेत, एक चार मिनिटांचा, एक दोन मिनिटांचा. त्याचे प्रिंटआउट लावले. 72 तासांचे पाच आठवडे का झाले, हे परिषदेने आजवर त्या डॉक्टरांना विचारल्याचं मला तरी कुठे दिसलेलं नाही.

तक्रार द्यायला गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसाने आधी प्रतिज्ञापत्र मागितलं. ते केलं, नोटरी केली. मग म्हणाले पानांना क्रमांक नाहीत. मग अनुक्रमणिका हवी. मग तीन प्रती. चौथ्या खेपेला "चौदाव्या पानावर सही राहिलीय" म्हणून पूर्ण संच परत. आई बाहेर बाकावर बसली होती, तिला आत बोलावून तिथेच सही घेता आली असती. नाही घेतली. शेजारच्या खिडकीवर डॉक्टरांच्या नोंदणीची, नूतनीकरणाची कामं भराभर चालली होती. म्हणजे माणसं आहेत, कॉम्प्युटर आहेत, काम करता येतं. आमच्या खिडकीवरच ते होत नाही.

त्याच 2002 च्या नियमांत लिहिलंय की डॉक्टरविरुद्धच्या तक्रारीवर सहा महिन्यांत निर्णय झाला पाहिजे. सहा महिने! मी सातव्या महिन्यात विचारायला गेले तर "केसेस खूप आहेत मॅडम." माहिती अधिकारात अर्ज केला तर तिसाव्या दिवशी एक ओळीचं उत्तर: "प्रकरण प्रक्रियेत आहे." मुदत उलटली म्हणून त्या कार्यालयाला काय झालं? काहीही नाही. आणि मी एक सही विसरले तर संच परत. दंड लागतो तो फक्त आम्हाला, या गोष्टीने माझं रक्त उकळतं.

आता सुनावणीचं सांगते. नऊ पत्रं, पण सुनावण्या प्रत्यक्षात दोनच झाल्या. पहिली सात मिनिटांत संपली, कारण डॉक्टरांच्या वकिलांनी उत्तर द्यायला वेळ मागितला आणि तो लगेच मिळाला. दुसऱ्या वेळी आम्हाला दीड तास बाहेर बसवलं. आत गेलो तेव्हा ते डॉक्टर समितीच्या सदस्यांशी बोलत बसले होते, समोर चहाचे कप. सगळे एकमेकांना "सर" म्हणत होते. माझ्या आईला म्हणाले, "आजी, तुम्ही जरा शांत बसा, आम्ही विचारू तेव्हाच बोला." छत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय तिने. तिचं नाव समोरच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

पहिला प्रश्न काय, तर "ड्रॉप्स वेळेवर घातले होते का?" म्हणजे चूक कोणाची, हे आधीच ठरलेलं. आईने पिशवीतून वही काढली. ऑपरेशनच्या दिवसापासून तिने शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखले होते. वेळ, कोणतं औषध, किती थेंब, आणि शेवटी टिक. दिवसातून सहा वेळा. शनिवारी रात्रीच्या रकान्यात तिने लिहिलंय "ठणका". रविवारी सकाळी "दिवा गोल दिसतोय, कडा नाहीत". दुपारी "फोन केला, सोमवारी या म्हणाले". डोळा जात असताना त्याच डोळ्याची नोंद ठेवली होती त्या बाईने. एका सदस्याने वही हातातही घेतली नाही. म्हणाले, "हे तुम्ही घरी लिहिलंय, याला वैद्यकीय नोंद म्हणता येत नाही." आणि पाच आठवड्यांनी एकाच पेनाने लिहून आलेला कागद म्हणजे वैद्यकीय नोंद! तो मात्र समितीने चष्मा लावून वाचला.

मला एक सांगा, ज्या परिषदेतले बरेचसे सदस्य डॉक्टरांच्या मतांवर निवडून येतात, तिथे पेशंटने कोणत्या भरवशावर जायचं? वैद्यकीय बाब डॉक्टरांनीच तपासायला हवी हे मला मान्य आहे, मला काचबिंदू आणि मोतीबिंदूतला फरक सुद्धा या प्रकरणातच कळला. पण फोन आला होता की नाही, कागद वेळेत दिले की नाही, हे ठरवायला एमबीबीएस लागत नाही. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलवर निम्मे सदस्य डॉक्टर नसलेले असतात. तिथे हे आपोआप झालं नाही, हॅरॉल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरला 2000 साली 15 रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली, त्यानंतर चौकशी बसली आणि डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या कौन्सिलची चिरफाड झाली. आपल्याकडे 2010 मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे राज्य परिषदांच्या वरच्या देशपातळीवरच्या संस्थेच्या, अध्यक्षांना सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली, कौन्सिल बरखास्त झाली, 2020 मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. एवढी उलथापालथ होऊन तक्रारदाराच्या वाट्याला काय आलं? होतं तेही गेलं.

हे नीट सांगते, कारण बहुतेकांना माहीत नाही आणि मलाही नव्हतं. त्याच 2002 च्या जुन्या नियमांमध्ये राज्य परिषदेच्या निर्णयाने नाराज झालेल्या "कोणत्याही व्यक्तीला" 60 दिवसांत वर अपील करता येत होतं. म्हणजे डॉक्टरला, तसंच पेशंटलाही. 2019 चा आयोगाचा कायदा काढा आणि कलम 30 वाचा. राज्य परिषदेच्या कारवाईविरुद्ध आयोगाच्या नैतिकता आणि नोंदणी मंडळाकडे अपील कोण करू शकतो? वैद्यकीय व्यावसायिक. तिथलाही निर्णय पटला नाही तर आयोगाकडे कोण जाऊ शकतो? वैद्यकीय व्यावसायिक. तक्रारदाराचं त्या कलमात नावच नाही. डोळा माझ्या आईचा गेला, तक्रार तिची, आणि उद्या परिषदेने ती फेटाळली तर त्या कलमात तिला वर जायला वाट नाही. संसदेत बसून हे कोणी लिहिलं, कोणी वाचलं, कोणी हात वर केला? पेशंट हा या प्रकरणातला पक्षकार आहे, हे एकालाही सुचलं नाही?

आणि आवाज कोणाचा ऐकला जातो तेही पाहा. ऑगस्ट 2023 मध्ये आयोगाने डॉक्टरांच्या आचरणाचे नवे नियम काढले. कंपनीच्या ब्रँडऐवजी औषधाचं मूळ, म्हणजे जेनेरिक, नाव लिहायच्या सक्तीवरून डॉक्टरांच्या संघटना भडकल्या. तीन आठवड्यांत नियम स्थगित. तीन आठवडे! त्यांचं म्हणणं बरोबर की चूक हा माझा मुद्दा नाही. एवढ्या वेगाने हालू शकणारी यंत्रणा एका निवृत्त शिक्षिकेची वही उघडायला दोन वर्षं आठ महिने घेते, हा माझा मुद्दा आहे.

सगळ्यात मोठा फटका तर वेगळाच बसला. परिषद नुकसानभरपाई देऊ शकत नाही. फार तर ताकीद देईल, नाहीतर नोंदवहीतून नाव काढेल. भरपाईसाठी ग्राहक आयोगात जावं लागतं, 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून तो रस्ता खुला आहे. पण तिथे मुदत दोन वर्षांची. आम्हाला सगळ्यांनी सांगितलं, आधी परिषदेचा निष्कर्ष येऊ द्या, त्याने केस भक्कम होते. परिषदेतल्या माणसानेही हेच सांगितलं, "दोनतीन महिन्यांत होईल." आम्ही थांबलो. सहा महिन्यांचा नियम आहे म्हणून थांबलो! दोन वर्षं उलटून गेली. आता उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज करायचा, त्यात उशिराचं सबळ कारण द्यायचं, ते पटलं तर केस दाखल होणार. उशीर केला परिषदेने आणि माफी मागायची आम्ही. कोणी नवीन तक्रार करणार असेल तर हात जोडून सांगते, दोन्हीकडे एकदम जा. कोणाच्या "दोनतीन महिन्यांत" वर थांबू नका.

वकिलांचंही वेगळं नाही. बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने एका वर्षात तक्रार निकाली काढायची असं कायद्यातच आहे, तिथे वर्षानुवर्षं हेलपाटे घालणारे दोघे माझ्या ओळखीत आहेत. आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलांच्या सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. म्हणजे त्यांच्या बाबतीत दुसरं दारही बंद.

मंगळवारी ज्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत आईला पुढे पाठवलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. रेटिनाच्या डॉक्टरांनीही जीव तोडून प्रयत्न केले. त्यांनीच हळू आवाजात मला सांगितलं, "रविवारी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं." मी म्हटलं, डॉक्टर, एवढं एक वाक्य लिहून द्या. ते गप्प झाले. त्यांना त्याच गावात, त्याच संघटनेत राहायचंय. चांगल्या माणसाला खरं बोलायची भीती वाटते आणि त्याच्या पाठीशी उभी राहणारी परिषद नाही. अशाने खोट्या तक्रारीत अडकलेला प्रामाणिक डॉक्टरही तीन तीन वर्षं लटकत राहतो. त्याचं तरी काय भलं होतं यात?

कालच्या पत्राला खाली आणखी एक ओळ होती, मी ती रात्री पुन्हा वाचताना पाहिली. पुढच्या सुनावणीआधी "तक्रारदाराने औषधांच्या नोंदीची मूळ वही कार्यालयात जमा करावी." हातात घ्यायला तयार नव्हते ती वही आता त्यांना मूळ हवी आहे. आईला वाचून दाखवलं. तिने वही कपाटात ठेवली, किल्ली स्वतःकडे घेतली आणि म्हणाली, पानं मोजून, प्रत्येक पानावर त्यांचा शिक्का आणि सही घेऊन, पोच मिळाली तरच देईन. चौदाव्या पानावरसुद्धा.