मागच्या सीटची उंची

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढं सरका.

आमच्या भाच्याला गाडी घ्यायची आहे. पहिलीच. "मामी, तू चल, तू रोज चालवतेस," म्हणून मला शोरूमला घेऊन गेला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शोरूमचं नाव सांगत नाही, नाटक सगळीकडे एकच असतं. एसी, कागदी कपातली कॉफी, आणि टाय लावलेला एक मुलगा, जो सगळा वेळ फक्त भाच्याशी बोलला. पहिला प्रश्न, "सर, बजेट?" दुसरा, "सर, सनरूफ तर हवंच ना?" तिसरा प्रश्नच नाही. घरात माणसं किती, गाडी लावणार कुठं, रोज चालणार किती, मागं बसणार कोण, काही म्हणजे काही नाही. मी त्या मुलाच्या लेखी कॉफी प्यायला आलेली बाई.

मग मी पर्समधून टेप काढली. शिवणाची, साधी. मागचं दार उघडून सीट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायला वाकले. टायवाला हसला. हसू दे, त्याचं वय आहे. पण भाचाही हसला, आणि हळूच म्हणाला, "मामी, प्लीज. इथं नको." परत येताना वर आणखी, "तू पण आता तो डबा काढून टाक गं. वॅगनआर म्हणजे टॅक्सीवाल्यांची गाडी."

म्हणून ही पोस्ट. तो वाचेलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली, तेव्हाच्या डिस्चार्जची गोष्ट. आई म्हणजे जेमतेम चार फूट दहा इंच. न्यायला वन्सं आणि भाऊजी आले होते, त्यांची ती भलीमोठी उंच गाडी घेऊन. प्रेमानेच आले होते, त्यात वाद नाही. हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये गाडी लागली, व्हीलचेअर आली, दार उघडलं, आणि आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं की सीट आईंच्या कमरेच्याही वर आहे. खाली पायरी होती, पण पायरीवर आधी कुठला पाय ठेवायचा? ऑपरेशनचा ठेवला तर त्यावर अंगाचा भार घेऊन वर उचलायचं कसं? दुसरा ठेवला तर तोही दुखराच, त्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी. वॉर्डबॉयनं कुठूनसं एक प्लास्टिकचं निळं स्टूल आणलं. ते डगमगत होतं. मागं अँब्युलन्स येऊन थांबली, वॉचमन शिट्ट्या मारतोय, भाऊजी आईंना काखेत धरून वर उचलायच्या बेतात, आणि आई पदर सावरत म्हणतायत, "राहू द्या हो, मी रिक्षानं जाते."

जावयानं उचलून गाडीत टाकायचं, चारचौघांत. त्यांच्या पिढीच्या बाईला ते काय वाटत असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझी गाडी रस्त्यापलीकडे होती. ती आणली. फिजिओच्या मुलीनं शिकवलं होतं तसं केलं: सीटवर एक प्लास्टिकची पिशवी पसरायची, आईंना पाठमोरं उभं करायचं, त्यांनी नुसतं मागं टेकायचं, पिशवीवरून आत सरकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. झालं. वॉकर घडी करून डिकीत. पोर्च मोकळं. निळं स्टूल तिथंच राहिलं.

तर हा तो डबा.

आणि टॅक्सीवाल्यांची गाडी म्हणे! अरे बाबा, जो माणूस त्या गाडीवर घर चालवतो, हप्ता फेडतो, पोरांची फी भरतो, तो गाडी घेताना रंग बघून घेतो का? पेट्रोल-गॅसचा, टायरचा, सर्व्हिसिंगचा, दिवसभर चढणाऱ्या-उतरणाऱ्या अनोळखी म्हाताऱ्यांचा, सगळ्यांचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. गाडी गॅरेजमध्ये गेली की त्या दिवसाची कमाई गेली. त्याच्याइतका कडक परीक्षक देशात दुसरा नाही. त्यानं पास केलेली गाडी आपल्याला कमीपणाची वाटते! नॅनोचं काय झालं आठवतंय ना? स्कूटरवर चौघांना पावसात जाताना बघून रतन टाटांना सुचलेली गाडी. २००८ साली दाखवली, २००९ मध्ये रस्त्यावर आली. तिच्यात उणिवा होत्या, पण तिला खरं मारलं ते "सगळ्यात स्वस्त" या शिक्क्यानं. आपल्याला पावसात भिजलेलं चालतं, स्वस्त दिसलेलं चालत नाही.

आता जरा आपल्याकडे बघू. आपण डोंबिवलीकर. आपली खरी गाडी लोकल. कार आठवडाभर बिल्डिंगखाली दोन पिलरच्या मधे धूळ खात उभी असते, आणि रविवारी सकाळी निम्म्या सोसायटीच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात. भाच्याचं ऑफिस ऐरोलीला, तेही आठवड्यातून दोन-तीन दिवस. ठाण्याला लोकल बदलून आरामात जातो. आता म्हणतो कारनं जाणार. शिळफाट्यावरून! त्यासाठी हवी डिझेल, कारण डिझेलला ताकद असते. शिळफाट्याला ताकद काय कामाची, तिथं फर्स्ट आणि सेकंड सोडून गिअर आहेत हे गाडी विसरून जाते.

आणि डिझेलची ती जाळी. हे शोरूमवाला आपणहून सांगत नाही म्हणून मी सांगते. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवायला फिल्टर बसवतात, डीपीएफ म्हणतात त्याला. त्यात साठलेली काजळी जळून जायला गाडी अधूनमधून सलग काही वेळ हायवेच्या वेगानं पळवावी लागते. नुसतीच ट्रॅफिकमध्ये रांगत राहिली की फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मग सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या. रोज लांब पल्ला मारणाऱ्यानं घ्यावी डिझेल, बरोबर आहे ते. याचा लांब पल्ला म्हणजे घर ते ऐरोली.

"मामी, आता जीएसटी उतरलाय, हीच वेळ आहे." उतरलाय ना. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर २८ चा १८ टक्के झाला. मोठ्यांवर ४०, वरचा सेस गेला म्हणून त्याही थोड्या स्वस्त झाल्या. पण छोटी म्हणजे काय तर चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं १५०० पर्यंत. ही चार मीटरची रेघ २००६ च्या अर्थसंकल्पापासूनची. त्या रेघेत बसवायला २०१२ साली मारुतीनं डिझायरची डिकी कापून गाडी ३९९५ मिलिमीटरची केली. एवढ्याशा गाडीला एसयूव्हीचा मुखवटा चढवायचा, तोही त्याच रेघेच्या आत. म्हणजे गाडीची लांबी दिल्लीत ठरणार, रंग भाचा ठरवणार, सनरूफ टायवाला ठरवणार. आईंचा गुडघा कुणाच्या यादीत आहे?

आणि ऑन-रोडचा आकडा ऐकून मला घाम फुटला. दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला आपल्याकडे १४ टक्के रोड टॅक्सच लागतो. वर इन्शुरन्स, वर ॲक्सेसरीजचं पॅकेज, ज्यात फूटमॅट आणि मागच्या काचेचे पडदे. फायनान्सवाला म्हणतो सात वर्षांचा हप्ता करू, जाणवणार पण नाही. न जाणवणारा हप्ता मी अजून बघितला नाही.

सनरूफबद्दल एकच. मे महिन्यात दुपारी डोंबिवलीत छत उघडून दाखवा, मी गाडीचे पैसे देते. बाकी धावत्या गाडीतून पोरांना मान बाहेर काढून उभं करणारे आईबाप दिसले की मला खाली उतरून दोन द्याव्याशा वाटतात. पोरांना नाही.

आता सेफ्टीवाले येतील, त्यांचं ऐकते. ग्लोबल एनकॅप, म्हणजे गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासणारी संस्था, तिनं २०२३ मध्ये वॅगनआरला पाचपैकी एकच स्टार दिला. हो, दिला. बोचतं मला ते. आता सहा एअरबॅग देतात, तरी तो स्टार काही विसरता येत नाही. म्हणून मी भाच्याला वॅगनआरच घे असं म्हटलेलं नाही, एकदाही नाही. टाटाची पंच बघ म्हटलं. २०२१ मध्ये त्याच एनकॅपचे पाच स्टार आहेत, आणि दार चक्क नव्वद अंशात उघडतं, म्हणजे वॉकर घेतलेलं माणूस दारापर्यंत सरळ येऊ शकतं. सीट वॅगनआरपेक्षा उंच वाटते, ते आईंना बसवूनच बघायला हवं. त्यावर त्याचं उत्तर, "पंच छोटी दिसते." दिसते! सिडान तर मीच नको म्हटलं. त्यात बसणं म्हणजे आईंसाठी विहिरीत उतरणं आहे, आणि उतरताना निदान उतार असतो, वर कोण ओढणार?

मग शेवटचा हुकमी एक्का निघाला. "गावाला जायला मोठी गाडी लागतेच."

गावाला म्हणजे कुठं? कोकणात, आमच्याच घरी. हायवेचं काम २०११ पासून चालू आहे, त्या खड्ड्यांसाठी पोट उंच असलेली गाडी बरी, हे देते मी त्याला. गणपतीला सात माणसं, तांदूळ, नारळ, आणि पाठीमागच्या काचेला टेकलेलं मखर, त्यात माझ्या गाडीची पंचाईत होते, तेही खरं. पण हायवे संपल्यावर काय? आमच्या वाडीत शिरणारी वाट आठव. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधे एका बैलगाडीची जागा. स्कॉर्पिओ-एन १९१७ मिलिमीटर रुंद आहे, क्रेटा १७९०, माझा डबा १६२०. आरसे वेगळे. भाऊजींची गाडी दरवर्षी देवळापाशी उभी राहते आणि सामान डोक्यावरून घरी येतं. आणि आई? त्या देवळापासून घरापर्यंत चालत जाणार त्या चढावर? मागच्या गणपतीत त्यांना माझ्या गाडीनं थेट अंगणात उतरवलं, तेव्हा हाच भाचा मागं बसला होता, आजीचा हात धरून. गडग्याच्या दगडाला आरसा घासू नये म्हणून तोच काच खाली करून ओरडत होता, "मामी, डावीकडे बोटभर आहे."

हे लिहिताना राग थोडा उतरला. पोरगा वाईट नाही हो. पहिल्या नोकरीपासून पैसे साठवलेत त्यानं, बापाकडे एक रुपया मागितला नाही. आमचे मामंजी जन्मभर एसटीनं गावाला गेले, गणपतीला रात्र रात्र डेपोत ट्रंकेवर बसून काढली त्यांनी. त्यांच्या नातवाला वाटणारच की आपली गाडी चार माणसांनी वळून बघावी. सोसायटीच्या गेटातून हार घातलेली गाडी आत येते, चाकाखाली लिंबं, आई ओवाळते, बाप कोपऱ्यात उभा राहून फोटो काढतो. त्यात कंजूषपणा करावा असं मलाही वाटत नाही. आवड म्हणूनही गाडी घ्यावी माणसानं, एकट्याचा जीव आहे, हौस आहे. पण तो एकटा नाही ना. आजीला महिन्यातून डॉक्टरकडे न्यायचं काम वन्संनी आता त्याच्यावर सोपवलंय. दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे.

थांबा. हे टाइप करतेय तोवर फॅमिली ग्रुपवर फोटो आला. सनरूफ उघडलेलं, टायवाला शेजारी, खाली "ऑलमोस्ट फायनल", आणि भाऊजींचे तीन अंगठे.

अंगठे काय दाखवताय भाऊजी! तुम्ही होतात ना पोर्चमध्ये? स्टूल तुमच्याच हातात होतं!

झालं, परत चढला राग. बुकिंगची रक्कम अजून भरलेली नाही एवढं मी वन्संना फोन करून विचारून घेतलंय. रविवारी टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी येणार आहे. मी सांगून ठेवलंय, ती गाडी आधी आपल्या बिल्डिंगखाली पिलरच्या मधे लावून दाखवायची, दार पूर्ण उघडतं का बघायचं, आणि मागं आई बसतील. स्टूल मिळणार नाही. त्या बसल्या तर मी स्वतः पेढे आणीन, आणि टेप परत शिवणाच्या डब्यात.

आणि हो, "वहिनी, ईव्ही घ्यायला सांगा" असं कॉमेंटमध्ये लिहिणाऱ्यांनी आधी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडून पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंटची परवानगी आणून द्यावी. अर्ज माझ्याकडे तयार आहे, फक्त सही हवी.