पांढरी पाच, किंचित चढी

आमच्या कॉलेजच्या बँडचा व्हॉट्सॲप ग्रुप गेली सहा वर्षं निव्वळ वाढदिवसांवर तग धरून होता. मे महिन्यात ड्रमरला अवदसा आठवली. ड्रमर म्हणजे आता नाशिकला बँकेत असतो, वीस वर्षांत त्यानं टेबलाखेरीज काही बडवलेलं नाही, पण आमच्यासाठी तो ड्रमरच. त्यानं लिहिलं, "ते अर्धवट राहिलेलं गाणं पुरं करू या. आपापल्या घरी रेकॉर्ड करा आणि पाठवा." न्यू जर्सीतल्या गायकानं दोन दिवसांत आवाज पाठवला. ठाण्याच्या बासवाल्यानं आठवड्यात बास पाठवला. राहिलो मी. माझ्या वाट्याला मधला गिटारचा सोलो, म्हणजे एकट्यानं वाजवायचा तुकडा. सोळा बार, म्हणजे घड्याळ लावून बत्तीस सेकंद. मी लिहिलं, "रविवारी पाठवतो." कुठल्या रविवारी ते लिहिलं नाही, या अख्ख्या प्रकरणात मी दाखवलेलं शहाणपण तेवढंच.

पहिल्या रविवारी मी सरळमार्गी होतो. गिटारची पिन जाड, लॅपटॉपचं भोक बारीक, म्हणून डोंबिवली स्टेशनबाहेरून चाळीस रुपयांचा कन्व्हर्टर आणला आणि गिटार थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसली. आवाज आला. कोणीतरी गोधडीत तोंड खुपसून रडतंय, असा. मी गिटारच्या तारा बदलल्या. गोधडीतलं माणूस नव्या तारांवर रडू लागलं.

कारण नंतर कळलं. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. त्यातून निघणारा सिग्नल इतका अशक्त असतो की समोरच्यानं त्याच्याकडून जवळपास काहीच ओढून घ्यायचं नसतं. त्यासाठी समोर दहा लाख ओहमच्या आसपास रोध लागतो. लॅपटॉपच्या माइकच्या भोकाकडे जेमतेम काही हजार. मुंजीला आलेल्या लाजाळू पाहुण्याला दारातच चार काकवांनी घेरावं तसं होतं, तो बिचारा बोलायचं ते अर्धं गिळतो. त्यातही वरच्या पट्टीतलं आधी गिळतो.

मग एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून जुना ऑडिओ इंटरफेस घेतला, म्हणजे गिटार आणि लॅपटॉप यांच्यामधली दुभाषी डबी. परीक्षा आली म्हणून विकतोय म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती परीक्षेची नव्हती हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

इंटरफेसनं गोधडी काढली, पण उशीर आणला. तार छेडली की आवाज हेडफोनमध्ये मागाहून येणार. सॉफ्टवेअरमध्ये 'बफर' नावाचा एक आकडा असतो, तो १०२४ वर होता. सेकंदाला आवाजाच्या ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबानं तेवढे नमुने गोळा व्हायला २३ मिलिसेकंद लागतात. जायचे तेवढे, यायचे तेवढे, धरा ४६. तेवढ्या वेळात हवेतून आवाज साधारण सोळा मीटर जातो. थोडक्यात, गिटार माझ्या मांडीवर आणि तिचा आवाज समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतून. असा सोलो वाजवताना माणूस स्वतःचीच वाट बघत बसतो, आणि वाट बघता बघता संथ होत जातो. बफर १२८ वर आणला तर उशीर गेला, पण माझ्या नऊ वर्षांच्या लॅपटॉपला तो वेग झेपेना. आवाजात पापड भाजू लागले. शेवटी २५६ वर तह झाला: थोडा उशीर, अधूनमधून एखादा पापड.

यानंतर खरं तर फाटका आवाज हवा होता, कारण सोलो रॉकमधला. फाटक्या आवाजाचं घराणंही जुनं आहे. १९६०च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलला एका रेकॉर्डिंगच्या वेळी कन्सोलमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बास गिटार फाटकी वाजली. ती लोकांना इतकी आवडली की १९६२ साली नेमका तसाच आवाज काढणारं पेडल, म्हणजे पायानं दाबायची डबी, मॅस्ट्रो फझ-टोन नावानं विकायला आली. म्हणजे त्यांचा बिघाड इतिहासात गेला. माझ्या घरचे बिघाड दुरुस्तीलाही कोणी घेत नाही.

माझं डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज फाडणारं, पेडल मी इंटरफेसला जोडलं आणि हेडफोन लावले. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडून कोणीतरी डबा हलवत होतं. इथेही दोष पेडलचा नव्हता. गिटारच्या ॲम्पमधला स्पीकर कागदी कोनाचा, पाच हजार हर्ट्झच्या वरचं तो फारसं बाहेर येऊच देत नाही. पेडलचा सगळा कर्कशपणा तो पदरात घेतो आणि आपल्याला वाटतं, वा, काय टोन आहे! स्पीकर मधून काढला की गांधीलमाश्या उघड्यावर. यावर स्पीकरची नक्कल करणारी फाइल मिळते. ती मी लावली. माझ्या लॅपटॉपनं पुन्हा पापड काढले.

तेव्हा ठरलं की ॲम्पसमोर माइकच ठेवायचा. ॲम्प माझ्याकडे आहे, दहा वॅटचा, कॉलेजपासूनचा. माइक नव्हता. जगभरचे लोक या कामाला शुअरचा एसएम ५७ वापरतात, १९६५ पासून वापरतायत. मी गणपती मंडळाचा वापरला. त्यावर मार्करनं 'मंडळ – बाहेर नेऊ नये' असं लिहिलंय आणि जाळीत गेल्या वर्षीच्या आरत्यांचा वास आहे. माइक न्यायला हरकत नाही, म्हणाले, पण वर्गणीचं बघा. म्हणजे भाडं पडलंच.

बायकोची अट एक: बिल्डिंगमध्ये तोंड दाखवता आलं पाहिजे. म्हणून ॲम्प बेडरूमच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली. हा काही माझा आचरटपणा नाही. कपड्यांचं कपाट आवाज शोषायला खरंच उत्तम, घरच्या घरी रेकॉर्ड करणारे पुष्कळ जण ते वापरतात. फक्त त्यांच्या कपाटात पैठणी नसते. पैठणी आधी सन्मानानं बाहेर काढून पलंगावर ठेवण्यात आली, मग ॲम्प आत गेला. बाकीच्या कॉटनच्या साड्या, दोन शाली आणि डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी यांना आमचं संगीत ऐकण्यावाचून पर्याय नव्हता.

माइकला स्टँड नव्हता, म्हणून लेक होती. ती नववीत आहे. कपाटासमोर मांडी घालून तिनं माइक धरला आणि मी दुसऱ्या खोलीतून हेडफोन लावून सूचना देत राहिलो. स्पीकरच्या बरोब्बर मध्यावर धरला तर आवाज कानात सुई घालतो. कडेला नेला तर मेणचट होतो. खरी जागा मधल्या टोपीची कड जिथे कोनाला मिळते तिथे असते, आणि ती बोटाभरानं हुकते.

"डावीकडे. थोडं. अगं थोडं म्हणजे बोटभर!"

"बाबा, कुणाच्या बोटाभर?"

"तुझ्या. आता जरा तिरका. हां! तिथेच. हलू नकोस."

"बाबा, मला शिंक येतेय. डांबराच्या गोळ्या."

त्या शिंकेइतका स्वच्छ, भरदार, सगळ्या पट्ट्या असलेला आवाज त्या दिवसात दुसरा रेकॉर्ड झाला नाही. ती फाइल मी जपून ठेवली आहे.

टोन सापडला, पण कपाटानं साथ धरली. 'ए' वाजवला की आतल्या लॉकरच्या दाराला लटकलेली किल्ली थरथरायची, 'डी'ला हँगर. किल्ली काढली, हँगर काढले. मग सगळं शांत झालं आणि त्या शांततेत पहिल्यांदा नीट ऐकू आलं: गुंऽऽऽ.

तो आवाज बहुधा पहिल्या रविवारपासून तिथेच होता. रडणं, पापड आणि गांधीलमाश्या यांच्या गर्दीत त्याच्याकडे लक्ष गेलं नव्हतं, इतकंच. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि माझ्या गिटारचे एकाच कॉइलचे पिकअप तो हेलकावा अँटेनासारखा पकडतात. यावरचा उपाय गिब्सन या गिटारच्या कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ सालीच शोधला: दोन कॉइल उलटसुलट जोडायच्या, म्हणजे वायरिंगची गुणगुण एकमेकींत जिरते आणि तारांचा आवाज तेवढा उरतो. तसे पिकअप असलेली गिटार दुकानात होती. कॉलेजात असताना ती न घेता मी चौदाशे रुपये वाचवले होते. ते चौदाशे आता व्याजासकट वसूल होत होते.

गिटार घेऊन गोल फिरलं की गुणगुण कमीजास्त होते हे लक्षात आल्यावर मी खोलीभर होकायंत्रासारखा फिरलो. पूर्वेला मोठी. उत्तरेला त्याहून मोठी. ईशान्य, जिच्याबद्दल वास्तुवाले इतकं चांगलं बोलतात, तिथे तर ड्रमरचे ड्रम बुडावेत इतकी. आग्नेयेला, संडासाच्या दाराकडे तोंड करून, एक पाय किंचित मागे घेऊन उभं राहिलं की जवळजवळ शांत. पंख्याचा रेग्युलेटर दोनवर होता, तोही तारेत किरकिरत होता. पाचवर केला तर किरकिर थांबली, पण सोलोची नोटेशन लिहिलेला कागद उडून पलंगाखाली गेला. पंखा बंद केला. जून महिना होता, पाऊस यायचा होता.

उरलेली गुणगुण लॅपटॉपच्या चार्जरची निघाली. चार्जर दोन पिनांचा, अर्थिंगचा पत्ता नाही. चार्जर काढला की चिडीचूप. पण माझ्या लॅपटॉपची बॅटरी अकरा मिनिटं टिकते. त्यातली तीन सॉफ्टवेअर उघडण्यात जातात, एक अपडेट नको म्हणून सांगण्यात. सात मिनिटांत घाम पुसत, संडासाकडे बघत, बत्तीस सेकंद न चुकता वाजवायचे. पहिल्या बॅटरीत चौदाव्या बारला बोट घसरलं. मग पाऊण तास चार्जिंग. दुसऱ्या बॅटरीत सगळं बिनचूक वाजलं, फक्त रेकॉर्डचं बटण दाबायचं राहिलं होतं. परत पाऊण तास.

त्या दुसऱ्या पाऊण तासात मी हेडफोनची पिन उपसली आणि स्पीकर चालू ठेवून पंख्याखाली आडवा झालो. खोलीभर गुंऽऽ. आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

आई गाणं शिकलेली आहे. तिचा मिरजेहून आणलेला तंबोरा माळ्यावर आहे. भोपळ्याला तडा गेला त्याला बारा वर्षं झाली, आणि दुरुस्तीला द्यायचा हे दर दिवाळीला ठरतं.

"कुठला स्वर हा?" ती म्हणाली.

"स्वर नाही गं, चार्जर आहे."

"पांढरी पाच आहे." तिनं मान तिरकी केली. "पण किंचित चढी. आणि पंचमही बोलतोय की आत. थांब... गांधारसुद्धा आहे, बारीक."

मी उठून ट्यूनर लावला. 'जी', म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, पांढरी पाचच, पस्तीस सेंटनं वर; शंभर सेंट चढले की पुढची पट्टी. विजेच्या पन्नासाची दुप्पट शंभर हा षड्ज धरला, तर दीडशे हा त्याचा पंचम आणि अडीचशे हा वरचा गांधार. महावितरण गेली कित्येक वर्षं आमच्या घरात तंबोरा लावून बसलं होतं आणि मला तो बिघाड वाटत होता.

आईनं चहाचा कप ॲम्पवर ठेवला. एरवी मी ओरडलो असतो. पलंगावरची पैठणी जरा सरकवून ती बसली, घसा साफ केला आणि त्या चढ्या पाचला षड्ज लावला. पहिल्यांदा हलला. मग तिनं एक श्वास घेतला आणि तो असा मिळाला की गुणगुण कुठे संपते आणि आई कुठे सुरू होते ते कळेना. लेक कपाटापासून उठून आली, हातात मंडळाचा माइक तसाच.

एवढ्यात बॅटरीचा दिवा हिरवा झाला. पहिल्यांदाच पूर्ण, अकराच्या अकरा मिनिटं. हात सवयीनं चार्जरकडे गेला आणि मी पिन उपसली.

"अरे, बंद का केलास?" आई म्हणाली. "आत्ता कुठे लागला होता."

मी पिन परत खोचली. ग्रुपवर ड्रमरनं प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मी लिहिलं, "रविवारी पाठवतो."