मालकाचं उत्तर : गुलमर्ग स्की बॅच, फेब्रुवारी

नमस्कार भाऊ,

तुमचा एक स्टार वाचला. गोंडोलाचा (डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचा) दुसरा टप्पा दोन दिवस बंद राहिला, लिफ्टच्या रांगेत सकाळ गेली आणि आम्ही दिलेले बूट 'जुने आणि एक नंबर लहान' निघाले, त्यामुळे अंगठ्याचं नख काळं पडलं, असं तुम्ही लिहिलंत. वर 'तिथले रिसॉर्टवाले आणि हे जळगावचे टूरवाले, यांचं आतून जमलेलं आहे' हेही जोडलंत. त्रास झाला, त्याबद्दल तुमची आणि वहिनींची माफी मागतो. पण 'आतून जमलेलं' वाचून गप्प बसवत नाही.

रांगेचं आधी उरकतो, कारण तिथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. गुलमर्गला दरवर्षी स्की करायला येणारेही हेच बोलतात. गोंडोलाच्या रांगेत स्की घेतलेले थोडे आणि बर्फ बघायला आलेले फार, आणि लिफ्ट थांबली की कारण कळायला वेळ लागतो. शिकाऊ उतारावरची ड्रॅग लिफ्ट मात्र सारखी थांबत होती ती व्यवस्थापनामुळे नाही. तिची दांडी माणसाला ओढायला असते, बसायला नाही. नवा माणूस झोपाळा समजून बूड टेकतो, दांडी खाली जाते आणि माणूस आडवा होतो. तो बाजूला सरकेपर्यंत मागचे सगळे खोळंबतात. पहिल्या सकाळी आपल्याच बॅचने ती किती वेळा थांबवली, आठवून बघा.

आता दुसरा टप्पा. 'लख्ख ऊन होतं तरी मुद्दाम बंद ठेवला' असं तुम्ही म्हणता. ऊन होतं ते खाली, साधारण २,६५० मीटरवर. पहिला टप्पा (१९९८ पासूनचा) कोंगडूरीपर्यंत जातो. दुसरा (२००५ पासूनचा) तिथून अफरवाट डोंगरावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. वरच्या निम्म्या भागात वारा अडवायला एक झाड नाही. रात्री बर्फ पडून सकाळी उघडलं की लोकांना वाटतं, आता सगळं ठीक. खरा धोका तेव्हाच असतो. वारा डोंगराच्या एका अंगाचा भुसभुशीत बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकतो. तिथे त्याचा घट्ट थर बसतो, पण खालच्या जुन्या बर्फाशी तो नीट चिकटलेला नसतो. एका माणसाच्या वजनानेही अख्खा थर सुटू शकतो. म्हणून स्की पेट्रोलवाले (उतारांची सुरक्षा बघणारे) आधी जाऊन पाहतात, गरज पडली तर स्फोटकं लावून तो थर पाडतात, मगच उतार खुला होतो. १ फेब्रुवारी २०२३ ला याच अफरवाटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला रशियाचा एक. वाऱ्याचं म्हणाल तर २५ जून २०१७ ला, भर उन्हाळ्यात, झाड गोंडोलाच्या केबलवर पडून सात जण गेले. बंद ठेवल्याबद्दल लोक रागावतात हे मला कळतं, पण बंद ठेवणारा माणूस माझ्या दृष्टीने योग्य करतो. त्यातून एक पैसा मला सुटत नाही, उलट चाळीस फोन येतात. शिवाय चार दिवसांच्या शिकाऊ बॅचला वरून स्की करत उतरायचंच नव्हतं. वर तयार केलेला उतार नाही, सगळा मोकळा डोंगर आहे. तुमचं वरचं तिकीट फक्त बघण्यासाठी होतं, आणि न वापरलेल्या तिकिटाचे पैसे नवव्या दिवशी तुमच्या खात्यावर आले. ते लिहायचं राहिलं बहुतेक.

राहिले बूट. यावर मी जरा सविस्तर बोलणार, कारण 'एक नंबर लहान' हे खोटं आहे आणि ते सगळं गाव वाचतं.

स्की बुटाचा नंबर आपल्या चपलेचा नसतो, तो पायाच्या लांबीचा असतो, सेंटिमीटरमध्ये. टाच भिंतीला लावून पाय मोजायला आम्ही व्हॉट्सॲपवर फोटोसकट सांगतो. तुम्ही फॉर्ममध्ये '९ नंबर' एवढंच लिहिलंत, म्हणून टंगमर्गला (गुलमर्गच्या खालचं गाव) पोचल्यावर आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने तुमचा पाय मोजला. २७.४ भरला. बूट दिला २७.५ चा. घालून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकतात. तेव्हाच तुम्ही 'लहान आहे' म्हणालात. गुडघे वाकवले की टाच मागे बसते आणि बोटं सुटतात. स्की करताना माणूस वाकलेलाच असतो, तेव्हा बूट वाकून बघायचा असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुमचा बूट उघडला तेव्हा आत काय होतं ते सांगतो. दोन जोड्या जाड सुती मोजे, त्यावर थर्मलची पोटरीपर्यंतची चुणी आणि तिच्यावर घट्ट आवळलेलं वरचं बकल. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. दोन मोज्यांनी पाय आवळला की रक्त पोचत नाही, पाय गार पडतो. माणसाला वाटतं बूट घट्ट आहे, म्हणून तो सगळ्यात वरचं सोडून बाकीची बकलं सैल करतो. तुम्हीही केलीत, मुलाने दोनदा लावून दिल्यावरही. मग टाच बुटात उचलते, उतारावर पाय पुढे घसरतो आणि अंगठा दर वळणाला पुढच्या प्लास्टिकवर आपटतो. चार दिवसांत नख काळं पडणारच. बूट खरंच लहान असता तर पहिल्याच दिवशी चालवलं नसतं. योग्य पद्धत अशी: एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा लोकरी किंवा सिंथेटिक मोजा, थर्मल बुटाच्या बाहेर, टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, आधी वरून दुसरं बकल, मग सगळ्यात वरचं, खालची दोन नुसती टेकवायची. ही यादी निघण्याआधी पाठवली होती. मोजे भुसावळला मिळत नाहीत हे मान्य, म्हणूनच आम्ही जादा जोड्या नेल्या होत्या. 'घरचे आहेत' म्हणून तुम्ही घेतल्या नाहीत.

आमची चूकही लिहितो. तुमच्या डाव्या बुटाचं एक बकल ढिलं होतं आणि आतला अस्तराचा बूट सकाळी ओलसर होता. रात्री तो बाहेर काढून बुखारीजवळ (खोली गरम करायच्या शेगडीजवळ) ठेवायला हवा होता, भाड्याच्या दुकानात तो तसाच राहिला. हे माझ्यावर.

जेवणाबद्दल 'रोज राजमा' लिहिलंत. तिसऱ्या रात्री जळगावहून नेलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी होत्या, टंगमर्गमध्ये, उणे तापमानात. त्यावर एक शब्दही नाही, याचं वाईट वाटलं. असो.

आमचा सगळा धंदा जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा, त्यातही बर्फ उशिरा पडला की एखादी बॅच हातची जाते. चोपड्याचा, शिरपूरचा माणूस नाव शोधतो तेव्हा सगळ्यात आधी तुमचा एक स्टार दिसतो. पुढच्या बॅचपासून मोजे पॅकेजमध्येच असतील, फॉर्ममध्ये पायाचं माप सक्तीचं करतो, दुसऱ्या टप्प्याचं तिकीट घ्यायचं की नाही हे आधीच विचारू, आणि बुटांच्या दुकानाचंही बघतो.

नख डॉक्टरांना दाखवा, आत रक्त साठलं असेल तर ते घरी टोचू नका. बुटांचं चार दिवसांचं भाडं आज तुमच्या खात्यावर टाकतो. स्टार तुमचा, एक ठेवा की दोन करा. 'एक नंबर लहान' तेवढं काढलंत तर उपकार होतील.