ताफारेलनं बाज्जोची पेनल्टी अडवलीच नव्हती

'1994च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इटलीच्या बाज्जोची शेवटची पेनल्टी अडवून ब्राझीलला कप मिळवून देणारा गोलकीपर आज लिव्हरपूलचे गोलकीपर घडवतो,' अशी एक पोस्ट फिरते आहे. यातला गोलकीपर घडवण्याचा भाग तेवढा खरा, पण तोही आता मागे पडलेला. क्लाउडिओ ताफारेल नोव्हेंबर 2021पासून 2025पर्यंत लिव्हरपूलच्या गोलकीपिंग कोचिंगमध्ये होता.

पेनल्टीची गोष्ट मात्र चुकीची. 17 जुलै 1994, पासाडेना, 0-0. मग पेनल्टी शूटआउटमध्ये इटलीच्या बारेसीनं पहिलाच फटका बारवरून मारला. ताफारेलनं अडवला तो चौथा, मासारोचा. बाज्जोचा पाचवा बारवरून आकाशात गेला आणि ब्राझील 3-2नं जिंकला. त्या फटक्याला हात लावायची वेळच आली नाही. पण फोटोत बाज्जो मान खाली घालून उभा, ताफारेल गुडघ्यांवर. बघणारा आपसूक सेव्ह जोडून टाकतो.

त्याचं कौतुकच करायचं तर 1998ची सेमीफायनल घ्या ना. नेदरलँड्सविरुद्ध कोकू आणि रोनाल्ड डी बूर या दोघांच्या पेनल्ट्या त्यानं खरोखर अडवल्या. उलट 2000च्या यूएफा कप फायनलमध्ये त्याचा तेव्हाचा क्लब गॅलातासराय आर्सेनलवर शूटआउटमध्ये जिंकला, तेव्हा आर्सेनलच्या शूकर आणि व्हिएरा दोघांचे फटके गोलच्या खांब-बारला लागले होते.

दुसरी दुरुस्ती: ब्राझीलचा गोलकीपर अलिसन ताफारेलला लिव्हरपूलमध्ये पहिल्यांदा भेटला, असंही त्या पोस्टमध्ये लिहिलंय. अलिसन तिथे 2018मध्येच आला होता, आणि त्याआधीपासून ब्राझीलच्या राष्ट्रीय संघात ताफारेलच त्याचा गोलकीपिंग कोच होता. दोघंही मुळात पोर्तो अलेग्रेच्या इंतरनासियोनाल क्लबचे.