८० सामने आणि ४ वर्षे

'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२च्या चाचण्यांचे आकडे प्रसिद्ध केले आणि भारताच्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ दोषी निघाले, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एकच वाद धुमसतो आहे. "दादा, स्टेरॉइड घेणाऱ्यांना सरळ तुरुंगात टाकायला हवे, तुमच्या अमेरिकेत असले चाळे खपवून घेत नाहीत," असे धाकटा भाऊ अधूनमधून लिहितो, आणि सॅन फ्रान्सिस्कोत इतकी वर्षे काढलेल्या माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

येथे काय खपते, ते बेसबॉलपटू फर्नांडो टॅटिस ज्युनिअरकडे पाहून कळते. ऑगस्ट २०२२मध्ये त्याच्या नमुन्यात क्लोस्टेबॉल हे स्टेरॉइड सापडले. गजकर्णावरच्या औषधातून ते शरीरात गेले, असा त्याचा खुलासा. शिक्षा झाली ८० सामन्यांची, म्हणजे १६२ सामन्यांच्या हंगामाच्या जेमतेम निम्मी. पुढच्या एप्रिलमध्ये तो मैदानात परतला, त्याच वर्षी उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाच्या गोल्ड ग्लव्ह पुरस्काराचा मानकरी ठरला आणि त्याचा ३४ कोटी डॉलरचा करारही शाबूत राहिला. तोच पदार्थ आपल्या एखाद्या भालाफेकपटूच्या लघवीत सापडला असता, तर वाडाच्या संहितेप्रमाणे त्याच्यावर ४ वर्षांची बंदी ओढवली असती, आणि हेतू वाईट नव्हता हे सिद्ध करण्याचे ओझेही त्याच्याच खांद्यावर पडले असते. बेसबॉलची लीग त्या संहितेला बांधलेली नाही. चाचणी कधी घ्यायची आणि शिक्षा किती द्यायची, हे संघमालक आणि खेळाडूंची युनियन वाटाघाटीत ठरवतात. (आपल्या क्रिकेट मंडळानेही २०१९पर्यंत नाडाला, म्हणजे भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेला, दारात उभे केले नव्हते, ते मी गटावर लिहीत नाही, कारण माझ्या मुद्द्याला ते सोयीचे नाही.)

सोयीची नसलेली आणखी एक गोष्ट आहे. ऑगस्ट २००७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघातल्या बॅरी बॉण्ड्सने कारकिर्दीतला ७५६वा होमरन मारून बेसबॉलचा विक्रम मोडला, तेव्हा मी कचेरीतल्या एका सहकाऱ्यासोबत त्या स्टेडियममध्ये होतो. बॉण्ड्सने बॅल्को या कंपनीच्या स्टेरॉइड प्रकरणात साक्ष दिल्याला तोवर चार वर्षे होत आली होती आणि परगावचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत. आम्ही मात्र घसा बसेपर्यंत ओरडलो. आपला तो बाब्या. शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली, आणि या देशात आल्यापासून पहिल्यांदाच मला माझे आडनाव कुणाला दोनदा सांगावे लागले नाही. त्या रात्रीचा आनंद खोटा होता, असे मला आजही म्हणवत नाही.

परवा त्याच सहकाऱ्याने भारताच्या आकड्यांचा विषय काढला. भावाला जे कधीच पटवता आले नाही, ते सगळे मी त्याला तावातावाने ऐकवले आणि शेवटी म्हणालो, "तुमच्या त्या सायकलपटू आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे काढून घ्यावी लागली, ते विसरलास?"

"तुमच्या?" तो हसून म्हणाला. "बॉण्ड्सच्या वेळी तर तू 'आमचा' म्हणत होतास."