रॅम रिकामी केली म्हणून फोन पळत नाही

'फोन स्लो झालाय? दुकानात जाऊ नका, हे उपाय करा' अशा मथळ्याचा एक मेसेज सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, यादी मात्र तीच. रॅम (चालू ॲप्सची तात्पुरती मेमरी) भरली की फोन गुदमरतो, म्हणून रीसेंट ॲप्स सारखी बंद करा. एखादं रॅम क्लीनर टाका. रोज रात्री कॅशे उडवा. व्हर्च्युअल रॅम पूर्ण वाढवा. दर तीन महिन्यांनी फॅक्टरी रीसेट मारा. इतकं करूनही फरक पडला नाही, तर समजा की नवा फोन खपावा म्हणून कंपनीनेच अपडेटमधून तुमचा फोन मुद्दाम मंद केलाय.

प्रत्येक मुद्द्यात चिमूटभर तथ्य आहे, म्हणून मेसेज पटतो. उपाय मात्र बहुतेक चुकीच्या जागी आहेत. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार.

'रॅम ८० टक्के भरली, म्हणून फोन स्लो'

अँड्रॉइडमध्ये रॅम भरलेली दिसणं हा बिघाड नव्हे, ती रचनाच तशी आहे. तुम्ही ॲपमधून बाहेर पडलात तरी सिस्टीम त्याची प्रोसेस लगेच मारत नाही, ती रॅममध्ये ठेवून देते. उद्देश एवढाच, की पुन्हा उघडाल तेव्हा ॲप आहे त्या जागी समोर यावं. अशी पडून असलेली ॲप्स प्रोसेसर खातील ही भीतीही आता फारशी उरलेली नाही. अँड्रॉइड १४ पासून अशी मागे ठेवलेली ॲप्स थोड्याच वेळात गोठवली जातात, त्यांना प्रोसेसरचा वेळच मिळत नाही. जागा कमी पडायला लागली की सिस्टीम आधी रॅममधलाच काही मजकूर दाबून लहान करते (याला झेडरॅम म्हणतात), आणि तरीही भागलं नाही तर जे ॲप सर्वांत कमी गरजेचं, ते स्वतःच मारते. हे काम लो मेमरी किलर नावाची यंत्रणा करते आणि त्यासाठी तिला तुमच्या अंगठ्याची गरज नसते.

आता स्वाइप करून मारलेलं ॲप पुन्हा उघडताना काय होतं ते पाहा. नवी प्रोसेस जन्माला घालायची, ॲपचा कोड स्टोरेजमधून वाचायचा, डेटाबेस उघडायचा, लॉगिन तपासायचं, पहिला स्क्रीन रंगवायचा आणि नेटवरून ताजा मजकूर आणायचा. याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. ॲप रॅममध्ये असेल तर यातलं बहुतेक काम वाचतं. गूगलने डेव्हलपरांसाठी घालून दिलेल्या निकषांत कोल्ड स्टार्टला ५ सेकंद किंवा जास्त लागले तर ते ॲप संथ मानलं जातं, पण रॅममधून वर येणाऱ्या ॲपला हीच मर्यादा १.५ सेकंद आहे. दिवसातून तीस वेळा उघडायचं मेसेजिंग ॲप तीस वेळा मारलं, तर फोन स्लो होण्याचं काम तुम्हीच करताय. बॅटरीही जास्त जाते.

आयफोनवरही हेच. ॲपलच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलंय, की ॲप प्रतिसाद देत नसेल तरच ते बंद करा.

मग रॅम खरंच कमी पडते हे ओळखायचं कसं? टक्केवारी बघून नाही, वागणूक बघून. ब्राउझरमधून मेसेज वाचायला गेलात आणि परत आलात तर पान पुन्हा लोड होतं. होम बटण दाबल्यावर आयकॉन एकेक करून उगवतात. कीबोर्ड वर यायला दोन-तीन सेकंद लागतात. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर रॅम अपुरी आहे. २ किंवा ३ जीबीच्या फोनमध्ये हे सर्रास होतं. तिथे उपाय म्हणजे होम स्क्रीनवरची विजेट आणि लाइव्ह वॉलपेपर काढणं, न वापरलेली ॲप्स अनइन्स्टॉल करणं, आणि जी निघतच नाहीत ती 'डिसेबल' करणं. 'फोर्स स्टॉप' जपून वापरा. त्याने ॲप पूर्ण थांबतं, त्याचे अलार्म आणि नियोजित कामं रद्द होतात आणि तुम्ही ते हाताने उघडेपर्यंत नोटिफिकेशनही येत नाहीत. 'मेसेज उशिरा मिळाला' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

'रॅम क्लीनर किंवा बूस्टर टाका'

अजिबात नको. अँड्रॉइड १४ पासून एखादं ॲप सिस्टीमला 'बॅकग्राउंड प्रोसेस मार' असं सांगू शकतं ते फक्त स्वतःच्या प्रोसेसबद्दल, दुसऱ्याच्या नाही. म्हणजे '१.२ जीबी मोकळी केली' असं फिरत्या चक्रासह दाखवणारा आकडा नव्या फोनवर निव्वळ देखावा आहे. जुन्या फोनवर प्रोसेस मरायच्या खऱ्या, पण मेल आणि मेसेजची ॲप्स सिंकसाठी लगेच पुन्हा उभी राहायची, क्लीनर ती पुन्हा मारायचं, आणि या झटापटीत प्रोसेसर तापायचा.

शिवाय क्लीनर स्वतः कायम चालू राहतं, जाहिराती आणतं आणि अनेकदा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं. ही परवानगी दिलेलं ॲप तुमच्या स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. बँकेचं ॲप असलेल्या फोनवर ती अनोळखी क्लीनरला देणं धोक्याचं आहे. काढायला गेलात आणि अनइन्स्टॉल होत नसेल, तर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' शोधा, तिथली त्याची खूण काढा आणि मग अनइन्स्टॉल करा.

'रोज रात्री कॅशे साफ करा'

कॅशे म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेली फोटोंची, पानांची, नकाशांची प्रत. ती उडवली की उद्या तेच सगळं पुन्हा डाउनलोड होणार. जागा खरोखर कमी पडली तर अँड्रॉइड कॅशे आपणहून कमी करतं.

दोन प्रसंगी मात्र हा उपाय योग्य आहे. एक, अपडेटनंतर एखादं ॲप बंद पडतंय किंवा जुनंच पान दाखवत राहतंय. दोन, एखाद्याच ॲपची कॅशे काही जीबींवर गेलीय. दोन्ही वेळी फक्त त्या ॲपपुरतं: सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, स्टोरेज, 'क्लिअर कॅशे'. शेजारचं 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' हे वेगळं बटण आहे. ते दाबलं की लॉगिन, सेटिंग आणि ॲपमध्येच साठवलेला मजकूर जातो.

मेसेजने ज्याचं नावच घेतलं नाही, तो खरा गुन्हेगार इथेच लपलाय: भरत आलेलं स्टोरेज. फोनमधल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं काही लिहिता येत नाही. लिहिणं होतं काही किलोबाइटच्या पानांत, पण पुसणं होतं अशी शेकडो पानं असलेल्या अख्ख्या ब्लॉकमध्ये. रिकामे ब्लॉक भरपूर असतील तोवर हे जाणवत नाही. ते संपत आले, की एक लहानशी नोंद लिहायलाही कंट्रोलरला (स्टोरेज सांभाळणाऱ्या चिपला) आधी एखाद्या ब्लॉकमधला जिवंत डेटा दुसरीकडे हलवावा लागतो, तो ब्लॉक पुसावा लागतो आणि मग लिहावं लागतं. आणि फोन सतत लिहीत असतो: मेसेज आला, नोंद झाली, फोटो काढला, गॅलरीचा डेटाबेस बदलला, पान स्क्रोल केलं, कॅशे वाढली. म्हणून स्टोरेज ९५ टक्क्यांवर गेलं की टाइप करताना अक्षरं मागून येतात आणि कॅमेरा उघडायला वेळ लागतो. ज्याला लोक 'रॅम फुल झाली' म्हणतात, ते बऱ्याचदा हे असतं.

किती जागा मोकळी ठेवायची? ठोकताळा असा, की १० ते १५ टक्के. ६४ जीबीच्या फोनमध्ये साधारण ६ ते १० जीबी, १२८ मध्ये १३ ते १९. ती मिळवायची तर छोट्या गोष्टींमागे लागू नका. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, 'स्टोरेज अँड डेटा', 'मॅनेज स्टोरेज' इथे जा. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल तिथे वेगळ्या काढून दाखवल्या जातात. (हे असे मेसेज ज्या ग्रुपमधून येतात, तिथले व्हिडिओ सहसा यादीत वरच सापडतात.) मागच्या 'स्टोरेज अँड डेटा' पानावर मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तीच गत. मग स्वतःचे व्हिडिओ: १०८० पिक्सेलचा, ३० फ्रेमचा व्हिडिओ जुन्या एच.२६४ पद्धतीत मिनिटाला साधारण १३० एमबी घेतो. डाउनलोड केलेल्या मालिका आणि ऑफलाइन नकाशे त्यानंतर.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे डिलीट केल्यावर बिन रिकामी न करणं. बहुतेक गॅलरींत पुसलेले फोटो ३० दिवस पडून असतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले ६० दिवस. तोवर जागा अडलेलीच. सफाईनंतर फोन एक रात्र चार्जिंगला लावून तसाच राहू द्या. मोकळ्या झालेल्या जागेची कंट्रोलरला वर्दी देण्याचं काम, म्हणजे ट्रिम, अँड्रॉइड ४.३ पासून फोन निवांत असतानाच होतं. फरक दुसऱ्या दिवशी जास्त जाणवतो.

'व्हर्च्युअल रॅम वाढवा, ४ जीबीचा फोन ८ जीबीचा होईल'

होत नाही. व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा, जिथे रॅममधला न वापरलेला मजकूर नेऊन ठेवतात. आकडे बघा. फोनमधली एलपीडीडीआर४एक्स प्रकारची रॅम ६४ बिटच्या जोडणीवर सेकंदाला सुमारे ३४ जीबी डेटा हलवू शकते. स्वस्त फोनमधल्या ईएमएमसी ५.१ स्टोरेजची कागदावरची कमाल सेकंदाला ४०० एमबी आहे. एखादी गोष्ट शोधून आणायला लागणाऱ्या वेळातला फरक याहून मोठा, जवळपास हजारपट. या सोयीचा फायदा एवढाच, की मागची दोन-चार ॲप्स मारली न जाता टिकतात. वेग वाढत नाही.

स्टोरेज यूएफएस प्रकारचं (ईएमएमसीहून वेगवान) असेल आणि जागा भरपूर असेल तर राहू द्या, फार बिघडत नाही. पण ईएमएमसीवर चालणारा, भरत आलेला फोन असेल तर ती बंद करा आणि रीस्टार्ट करा. आधीच धापा टाकणाऱ्या स्टोरेजवर आणखी लिहिण्याचा बोजा आणि वर ४ जीबी जागा गायब, असा दुहेरी तोटा तिथे होतो.

'दर तीन महिन्यांनी फॅक्टरी रीसेट'

रीसेटनंतर फोन हलका वाटतो, कारण स्टोरेज रिकामं झालेलं असतं आणि निम्मी ॲप्स अजून टाकलेली नसतात. ती टाकली की पहिले पाढे पंचावन्न. उलट एक तोटा होतो. तुम्ही कुठली ॲप्स कशी वापरता हे पाहून अँड्रॉइड ७ पासून फोन त्यांचा कोड चार्जिंगच्या वेळी हळूहळू आधीच कंपाइल करून, म्हणजे प्रोसेसरला थेट चालवता येईल अशा रूपात आणून ठेवतो. रीसेटने ते सगळं पुसलं जातं.

आधी सेफ मोड करून पाहा. पॉवर मेनू आणा, 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरा, सेफ मोडला होकार द्या (काही फोनमध्ये सुरू होताना आवाज कमी करायचं बटण दाबून ठेवावं लागतं). या स्थितीत तुम्ही टाकलेली ॲप्स चालत नाहीत. फोन इथे चपळ झाला तर दोष तुमच्याच एखाद्या ॲपचा: परत नेहमीच्या मोडमध्ये या आणि सर्वांत अलीकडे टाकलेल्यापासून एकेक काढत चला. इथेही मंदच राहिला, तर स्टोरेज, उष्णता किंवा बॅटरीकडे बघा.

रीसेट करायचाच तर आधी तीन गोष्टी: चॅटचा बॅकअप, दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड देणारं ॲप दुसऱ्या फोनवर हलवणं, आणि फोनवरच्या गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय याची खात्री. सेटिंग्जबाहेरून, रिकव्हरीतून (बटणं दाबून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून) रीसेट केलेला फोन तोच पासवर्ड किंवा जुना लॉक मागतो, आणि तो आठवला नाही तर फोन अडकून बसतो.

'कंपन्या मुद्दाम फोन स्लो करतात'

हा मुद्दा झटकून टाकता येत नाही. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ ने बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा कमाल वेग खरोखर कमी केला होता. ॲपलने ते डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने अशा अपडेटवरून ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड केला.

पण आयफोनच्या बाबतीत कारण समजून घेतलं तर उपायही सापडतो. बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि फोन पटकन बंद होतो. ते टाळायला वेग कमी केला होता. लपवून केला, हा खरा अपराध. मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ पासून बॅटरीची अवस्था सेटिंग्जमध्ये दिसते. कमाल क्षमता ८० टक्क्यांखाली असेल आणि सोबत कार्यक्षमतेबद्दल सूचना असेल, तर बॅटरी बदला. फोन नव्हे. पाठ फुगून उचलली गेली असेल, तर फोन कुठलाही असो, चार्जिंग तत्काळ थांबवा आणि पाठ दाबून बसवायचा प्रयत्न करू नका.

अपडेटनंतरचे पहिले एक-दोन दिवस फोन मंद वाटला तर निष्कर्ष काढू नका. ॲप्स पुन्हा कंपाइल होत असतात. आणि जाड कव्हरमध्ये, चार्जिंग लावून गेम खेळताना वेग पडला, तर तो चिप तापल्याने आपोआप होणारा थ्रॉटलिंगचा परिणाम आहे. कव्हर काढा, चार्जर काढा, पाच-दहा मिनिटं थांबा.

राहिलेले किरकोळ मुद्दे

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ॲनिमेशन स्केल ०.५ करा, असं मेसेजच्या काही आवृत्त्यांत असतं. करायला हरकत नाही. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की तो मेनू उघडतो. फोनचा वेग तोच राहतो, स्क्रीन सरकायचा वेळ निम्मा होतो, आणि डोळ्यांना तेवढंही पुरतं. तिथलंच 'बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट' मात्र हलवू नका.

'आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा' हा एक सल्ला बरोबर आहे. महिनोन्‌महिने चालू राहिलेल्या फोनमध्ये एखाद्या ॲपने धरून ठेवलेली आणि न सोडलेली मेमरी त्याने सुटते. फक्त रीस्टार्टनंतर पहिली दोन-तीन मिनिटं फोन आधीपेक्षाही मंद चालेल, कारण सगळं एकदम लोड होत असतं. तेवढा वेळ त्याला हात लावू नका.